मोहट्यांचं तेल: घाण्यावर येण्याआधीची कामं

जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात माझा तेलाचा घाणा आहे. बैलाचा नाही, मोटरवरचा. दसऱ्यापासून मोहट्या, म्हणजे मोहाच्या झाडाच्या बिया, दिवाळी उलटली की खुरासणी (कारळे), उन्हाळ्यात भुईमूग, असं त्याचं वर्ष जातं. भुईमूग आणि खुरासणी कोणीही आणली तरी तेल बरंच निघतं. मोहट्यांचं तसं नाही. शेजारशेजारच्या दोन घरांतून, एकाच झाडाखालच्या मोहट्या येतात. एका घरचं तेल पिवळं, नितळ. दुसऱ्या घरचं काळपट आणि इतकं कडू की भाजीत घातलं तर पोरं ताट सरकवतात. घाणा तोच आणि चालवणारा मीच. फरक पडतो तो जून ते ऑक्टोबर त्या घरात मोहट्यांचं काय झालं, त्याने. गिऱ्हाईक मात्र मशीनला नावं ठेवून जातं. म्हणून एकदाच सगळं नीट सांगतो.

मोह आमच्याकडे लावलेला कमी, राखलेला जास्त. डोंगरउतारावर, वरकस म्हणजे हलक्या जमिनीत, शेताच्या बांधावर मोठमोठी झाडं उभी आहेत, कोणाच्या तरी आज्याने न तोडलेली. हे झाड चिकूच्या कुळातलं आहे. बी हातात घेतली की ओळखू येतं, तीच तपकिरी चकाकी, फक्त चिकूच्या बीपेक्षा मोठी आणि फुगीर. फुलं फाल्गुन-चैत्रात पडतात. त्या फुलांच्या पायी इंग्रजांनी १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांसाठी कायदा केला होता, दारू रोखायला. तेव्हापासून मोह म्हटलं की शहरातल्या माणसाला दारूच आठवते. फुलं वेचली म्हणून फळं कमी होतात, असं काही जण सांगतात. त्यात अर्थ नाही. खाली पडतो तो फुलाचा रसाळ भाग, फळ धरायचं ते फांदीवर धरतंच. नुकसान होतं ते फुलं दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा पेटवतात त्याने. त्या आगीत मोहाची रोपं जळून जातात. झाडाखाली झाडून घ्या किंवा जुनी लुगडी अंथरा, काडी लावू नका.

वेचणी

फळं पिकतात मे अखेरीपासून, आणि खरा सडा पडतो तो पहिल्या पावसाच्या आगेमागे. कच्ची फळं, म्हणजे मोहदोडे, भाजीला काढतात. ती भाजी करायची असेल तर वेगळं झाड धरा, कारण कोवळ्या दोड्यातल्या बीला तेल नसतं. तेलासाठी झाड झोडपून फळं पाडायची नाहीत. पिकलेलं फळ आपोआप पडतं. निम्मं काम तर वटवाघळं करतात: रात्री गर खातात आणि बी खाली टाकतात. सकाळी झाडाखाली स्वच्छ, गर सुटलेल्या मोहट्या पडलेल्या मिळतात. त्या पहिल्यांदा उचला. एका फळात एकापासून चारपर्यंत बिया असतात, बहुतेकदा एक किंवा दोन.

रोज वेचा. ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी लोक आठवड्याने एकदा टोपली घेऊन जातात. मोहटीला विश्रांती नसते. ओल्या मातीत पडली की थोड्याच दिवसांत तिला मोड फुटतो. मोड आला की आतलं तेल त्या रोपाच्या पोटात जातं, आणि उरतं ते आंबट-कडू. वेचताना टोकाशी चीर पडलेली किंवा पांढरा कोंब दिसणारी बी बाजूला काढा. ती टाकून द्यायची नाही, बांधावर तिथेच खोचायची. मोहाची बी साठवून पुढच्या वर्षी रुजत नाही, रुजली तर याच पावसात. मुळी खोल जाते, म्हणून रोप करायचं तर लांब पिशवी घ्या, छोट्या पिशवीत मुळी गुंडाळते आणि झाड पुढे अडून राहतं.

झाड कोणाचं, हा प्रश्न गावागणिक असतो. मालकीच्या बांधावरचं झाड असेल तर विचारून वेचा. जंगलातल्या मोहट्या हे गौण वनोपज आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना दिलेला आहे. बाहेरून सहलीला येऊन गोणी भरून नेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मोहट्या फोडणं

गर चिकटलेल्या मोहट्या टोपात पाण्यात चोळून धुऊन घ्या आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी फोडा. ताजं टरफल मऊ असतं. पाट्यावर बी आडवी ठेवून वरवंट्याने हलका दाब दिला की शिवणीवर उकलतं आणि आतून डाळ सुटते, दोन दळांची, फिकट पिवळसर. दाब हलकाच हवा. जोरात मारलं की डाळ चिरडते, टरफलाचे तुकडे तिच्यात रुततात, आणि मग ते निवडता निवडता दिवस जातो. आमच्या पाड्यावरच्या आज्या हे काम गप्पा मारत करतात, बघावंसुद्धा लागत नाही. नव्या माणसाची बोटं पहिल्या टोपलीला ठेचली जाणारच.

बी वाळून गेल्यावर फोडायला घेतली तर टरफल कडक होतं आणि डाळ आत सुकून सैल होते, मग मोगरीने हाणावं लागतं. चालतं, पण चुरा फार होतो. टरफल निवडून काढायलाच हवं. त्याला तेल नाही, उलट ते आलेलं तेल शोषून घेतं आणि रंग काळा करतं. सुपात घेऊन पाखडा. मोजून सांगायचं तर दहा किलो मोहट्यांमागे साधारण सात किलो डाळ पडते. टरफलं फेकू नका, चुलीत छान जळतात.

उकडणं आणि वाळवणं

तेल कडू होणार की नाही, ते इथे ठरतं.

जूनमध्ये आमच्या डोंगरात ऊन नसतं. आठ-आठ दिवस धुकं आणि पागोळ्या. फोडलेली ओली डाळ ढीग करून कोपऱ्यात ठेवली तर दोन दिवसांत आतून तापते, मग तिच्यावर हिरवट-पांढरी बुरशी येते. बुरशी आलेल्या डाळीचं तेल कितीही तापवा, कितीही गाळा, खाण्याच्या लायकीचं होत नाही. कडूपणा हा त्यातला कमी धोका. बुरशीची विषं पोटात जातात हा मोठा. असली डाळ मी खायच्या तेलासाठी घेत नाही. दिव्याला किंवा साबणाला काढून हवी असेल तर वेगळी काढून देतो, डब्यावर खूण करून.

उपाय जुनाच आहे, पण हल्ली घाईत लोक तो गाळतात: डाळ फोडल्या दिवशीच वाफवून घ्यायची. मोठ्या टोपात तळाला पाणी, वर बांबूची टोपली किंवा चाळण, तिच्यात डाळ, वर झाकण. चांगली वाफ धरल्यावर अर्धा तास पुरे. दळं बोटाने दाबली तर किंचित मऊ लागली पाहिजेत, शिजून फुटता कामा नयेत. वाफेने दोन गोष्टी होतात. मोड यायचं थांबतं, आणि डाळीतलं जे पाचक द्रव्य तेल फोडून आंबट करतं ते मरतं. पाण्यात बुडवून उकडणारेही आहेत. त्याने कडूपणा थोडा पाण्यात उतरतो हे खरं, पण डाळ फार पाणी पिते आणि मग वाळता वाळत नाही. पावसाळ्यात मी वाफेच्या बाजूचा.

वाफवलेली डाळ एका थरात पसरा. एका थरात म्हणजे दळावर दळ नको. चुलीच्या वर माळा असेल तर त्याच्यावर बांबूची चटई टाकून तिथे ठेवा, रोज एकदा हात फिरवा. धुराचा वास लागतो. लागू द्या. धुराचा वास तेल तापवताना बराच उडतो, बुरशीचा उडत नाही. ज्यांच्याकडे गॅस आला आणि चूल गेली त्यांची खरी पंचाईत झालीय. त्यांनी प्लॅस्टिकच्या कागदाखाली, दोन्ही बाजू उघड्या ठेवून, वारा खेळेल अशी बाज मांडावी. कागद वरून पूर्ण बंद केला तर आत घाम धरतो आणि पुन्हा तेच.

पाऊस उघडला की भाद्रपद-आश्विनाचं कडक ऊन मिळतं. तेव्हा सगळी डाळ अंगणात काढून तीन-चार उन्हं द्या. वाळलीय की नाही ते असं बघा: एक दळ घ्या, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वाकवा. वाकलं तर ओलं आहे. कट्कन मोडलं, तर मोडलेल्या कडेवर नख दाबा. नखाखाली ओलसर चमक उमटली आणि बोटाला तेलकट लागलं की झालं. कड पांढरट, पिठूळ दिसली तर आत अजून पाणी आहे. रंग तांबूस-तपकिरी हवा. काळी दळं निवडून काढा, मूठभर काळी दळं अख्ख्या डब्याला चव लावतात.

घाण्यावर येईपर्यंत साठवायची ती गोणीत, जमिनीपासून वर, फळीवर. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून नको. कडुलिंबाचा वाळला पाला घातला तर किडा कमी लागतो.

घाणा जवळ नसेल तर

थोडं तेल घरी काढता येतं. पूर्वी सगळेच काढायचे. वाळली डाळ उखळात कुटायची, रव्याएवढी बारीक. मग हा कूट पुन्हा वाफवायचा, कारण थंड कुटातून तेल सुटत नाही. वाफाळता कूट जाड सुती फडक्यात किंवा विणलेल्या पिशवीत बांधून दोन जाड लाकडी फळ्यांमध्ये ठेवायचा आणि फळ्या एका टोकाला दोराने आवळून दुसऱ्या टोकाला वजन द्यायचं किंवा पाचरी ठोकायच्या. खाली भांडं. गरम असतानाच दाब दिला पाहिजे. निवला की पुन्हा वाफवा, पुन्हा दाबा. हात भाजतात, दोन माणसं लागतात, आणि तेल घाण्यापेक्षा बरंच कमी येतं. पण चव? मला विचाराल तर फळीचं तेल माझ्या मशीनपेक्षा चवीला उजवं असतं. धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण खरं आहे.

त्याहून सोपं म्हणजे कुटाची पाट्यावर चटणीसारखी वाटणी करून भरपूर पाण्यात मंद उकळायची. तेल वर तरंगतं, ते पळीने काढून घ्यायचं. शेवटी ते तेल पुन्हा चुलीवर ठेवून तडतड थांबेपर्यंत तापवायचं, म्हणजे राहिलेलं पाणी उडतं. या रीतीने बाळाच्या मालिशीपुरतं, दिव्यापुरतं तेल मिळतं. वर्षाचा डबा भरायचा असेल तर मोहट्या घाण्यावरच न्या.

घाण्यावर

येताना किमान दहा किलो डाळ आणा. त्याहून कमी असेल तर मशीनच्या पोटातच अर्धं राहतं. दोन घरांनी मिळून आणली तरी चालेल, पण मग भांडायचं नाही. मोहटीची डाळ मऊ असते, तिला चोथा कमी. मशीनचा स्क्रू तिला नीट पकडत नाही आणि ती आतल्या आत लोण्यासारखी फिरते. म्हणून आम्ही पहिल्या घासाला थोडी आधीची मोहटीची पेंड घालतो. एकदा पकड आली की तेल सुरू होतं, कोमट, फेसाळ, गढूळ. ते गढूळ बघून गिऱ्हाईक घाबरतं. गढूळच येणार.

पेंड पुन्हा एकदा फिरवतो, गरज वाटली तर तिसऱ्यांदा. नीट वाळलेल्या दहा किलो डाळीला तीन-साडेतीन किलो तेल मिळतं. डाळीत याहून जास्त तेल आहे, जवळजवळ निम्म्या वजनाचं, पण घाण्याने ते सगळं निघत नाही. बाकीचं पेंडीत जातं. कोणी घाणेवाला अर्धं तेल देतो म्हणाला तर त्याच्या वजनकाट्याकडे बघा.

अगदी कडकडीत वाळलेली डाळ आणली तरी अडचण येते, पीठ होऊन नुसती बाहेर पडते. मग मी तिच्यावर पाण्याचा हबका मारून अर्धा तास झाकून ठेवतो. एक मावशी दरवर्षी यावरून तणतणतात: "मी महिनाभर वाळवलं आणि तू पाणी मारतोस?" त्यांना दरवर्षी तेच समजावतो, आणि दरवर्षी तेल बघितल्यावरच त्या गप्प होतात.

डबा स्टीलचा किंवा पत्र्याचा, कोरडा आणा. फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन धुऊन आणलात तर मी तेल भरून देणार नाही. हसू नका, असे कॅन येतात.

निवळणं, तापवणं

तेल घरी नेल्यावर डबा हलवू नका. चार-पाच दिवस तसाच राहू द्या. गाळ तळाला बसतो, वरचं नितळ तेल हळूच ओतून दुहेरी सुती फडक्यातून गाळा. थंडी असेल तर डबा आधी उन्हात ठेवा, कारण हे तेल लवकर थिजतं. साधारण २५ अंशांच्या खाली ते दाट व्हायला लागतं, आणि आमच्याकडच्या डिसेंबरात सकाळी चमच्याने काढावं लागतं. ते खराब झालेलं नसतं. त्यात घट्ट होणाऱ्या स्निग्धाम्लांचा वाटा मोठा असतो, म्हणून तसं होतं. याच गुणामुळे एके काळी तुपात मोहाच्या तेलाची भेसळ चालायची.

गाळलेलं तेल खाण्याआधी एकदा तापवून घ्यायचं. लोखंडी कढई, मध्यम जाळ. आधी फेस येतो आणि तडतडतं, ते पाणी. फेस बसला, तडतड थांबली की भाकरीचा एक लहान तुकडा टाका. तो लालसर होईपर्यंत ठेवा, मग काढून टाका आणि कढई उतरवा. धूर निघेपर्यंत जाळू नका. निवल्यावर काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत, अंधारात. नीट वाळवलेल्या डाळीचं तेल पुढच्या पावसाळ्यापर्यंत सहज टिकतं. ओल्या डाळीचं संक्रांतीलाच खवट होतं.

चव वेगळी आहे. बाजारच्या पिशवीतल्या तेलावर वाढलेल्या जिभेला पहिल्यांदा उग्र लागेल. पहिल्यांदा खाताना थोडंच वापरा, पोटाचा अंदाज घ्या. नाचणीच्या भाकरीवर तेल, मीठ आणि मिरचीचा ठेचा, ही माझी शिफारस. उडदाच्या डाळीला फोडणी छान बसते. नाजूक भाज्यांना वापरू नका, भाजी हरवते. गाळ बसलेलं तळाचं तेल भेगाळलेल्या टाचांना लावा.

पेंडीचं काय करायचं

पेंड तुमची, घेऊन जा. पण गुरांना घालू नका, कोंबड्यांनाही नको. भुईमुगाच्या पेंडीच्या सवयीने लोक गोठ्यात ओततात. मोहटीच्या पेंडीत साबणासारखं फेसाळणारं द्रव्य असतं, ते जनावराला बाधतं. तेच द्रव्य पाण्यात गेलं की मासे मरतात. पूर्वी ओहोळाच्या डोहात पेंड टाकून मासे धरायचे. आता डोह लहान झालेत आणि खाली कोणी तरी तेच पाणी पितं, तेव्हा पेंडीचं पोतं ओहोळात धुवायचंही नाही. शेतात मात्र ती कामाची. भातलावणीच्या आधी चिखलात मिसळा, खत होतं आणि किडीलाही आवर बसतो. गांडुळांनाही ती सोसत नाही, म्हणून गांडूळखताच्या खड्ड्यापासून लांब ठेवा. बायका शिकेकाईत मिसळून केस धुतात, तेही चालतं, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

मोहट्यांनंतर मशीन धुवायला मला अख्खी सकाळ लागते, नाहीतर पुढच्या माणसाच्या खुरासणीला कडवट चव येते आणि तो माझ्या नावाने शंख करतो. म्हणून मोहट्या दसरा ते दिवाळीच्या आठवड्यातच घेतो. खुरासणीची पहिली गोणी आली की मोहट्या बंद. उशीर झाला तर डाळ कोरडी ठेवा आणि भुईमूग संपल्यावर, उन्हाळा सरताना या. तेल तेव्हाही निघेल, फक्त निवडायला जास्त वेळ काढून या.